फुकट तिकीट आणि बसायची जागा

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही सहा जण युरोपला जाणार आहोत. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा (२१ मे रोजी त्याला चार पूर्ण होतील) आणि सासू-सासरे. सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. १५ मे रोजी पॅरिसला उतरू. १८ ला तिथून बाझलमार्गे लुत्सर्न, २४ ला मिलान, पुढे फ्लॉरेन्स आणि रोम, आणि ३० ला रोमहून परत. टूर कंपनीची धावपळ मुलांना झेपणार नाही, म्हणून सगळं आम्हीच ठरवतोय. जाऊबाई म्हणतात, युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच रेल्वे पास) काढा, मुलं फुकट जातात. नवऱ्याचं म्हणणं, सुटी तिकिटं स्वस्त पडतील. मुलांचं नेमकं काय करायचं? आणि तिकिटं कधी काढायची? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाच्या वाढदिवसाची तारीख तुम्ही आवर्जून कळवलीत, हे फार चांगलं केलंत. तुमच्या प्रवासाचा निम्मा हिशेब त्या तारखेवर आहे.

मी नोकरीची सगळी वर्षं पुण्याच्या रेल्वे आरक्षण कार्यालयात काढली. खिडकीपलीकडून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे “बाळाचं तिकीट लागतं का?” आणि ‘नाही’ हे उत्तर मिळालं की आया निश्चिंत होऊन निघायच्या. मी मात्र त्यांना थांबवून दुसरा प्रश्न विचारायची : “मग बाळ झोपणार कुठे?” आपल्याकडे पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला बर्थही मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही एप्रिल २०१६ पासून बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरावं लागतं, अर्ध्या तिकिटावर बर्थ नाही. युरोपातही हाच धागा घट्ट धरून ठेवा. तिकीट ही एक गोष्ट, जागा ही दुसरी. मूल फुकट आहे असं कुणी सांगितलं की लगेच विचारायचं, जागेसकट की जागेशिवाय?

तुमच्या वाटेवर तीन देश आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे. वय धरलं जातं ते प्रवासाच्या दिवसाचं, तिकीट काढल्याच्या दिवसाचं नाही.

आधी पॅरिस ते बाझल. ही गाडी टीजीव्ही लिरिया, म्हणजे फ्रान्स-स्वित्झर्लंडमधली वेगवान गाडी, पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून सुटते आणि साधारण तीन तासांत बाझलला पोचते. १८ मे रोजी तुमचा मुलगा अजून तीन वर्षांचाच असेल, म्हणजे चार वर्षांखालच्या नियमात तो फुकट बसतो, पण मांडीवर. मुलीला चार ते अकरा या वयोगटाचं मुलांचं तिकीट लागेल. आता तुम्हीच विचार करा, पॅरिसमधल्या तीन दिवसांच्या पायपिटीनंतर चार वर्षांचं होत आलेलं पोर तीन तास मांडीवर बसेल का? ते पेंगेल, घामाघूम होईल, पाय शेजारच्या प्रवाशाला लागतील आणि तुमचे हात-पाय आखडून जातील. माझं स्पष्ट मत आहे, त्याच्यासाठी पैसे भरून स्वतंत्र जागा घ्या. सबंध सहलीत पैसे वाचवायला दुसऱ्या जागा आहेत. त्या मी पुढे सांगते.

या गाड्या दुमजली आहेत आणि आतला जिना अरुंद. आरक्षण करताना मजला निवडता येतो, तेव्हा सासऱ्यांसाठी खालचा मजला न विसरता निवडा. समोरासमोर चार खुर्च्या आणि मधे टेबल अशी रचना मिळते, ती तुम्हा चौघांसाठी घ्या. टेबलावर चित्रं काढता येतात, डबा उघडता येतो, आणि मुलाचे पाय कुणा परक्याला लागत नाहीत. सासू-सासऱ्यांना त्याच डब्यात, जवळची जोडी.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. गाडीचा फलाट साधारण वीस मिनिटं आधी जाहीर होतो आणि दरवाजे सुटण्याच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. आपल्यासारखं गाडी हलल्यावर दांडी धरून चढणं तिथे नाही. फलाट लांब, डबा दुसऱ्या टोकाला, बरोबर गुडघे दुखणारे सासरे आणि एक मूल कडेवर. स्टेशनवर पाऊण तास आधी पोचा आणि फलाट कळला की नवऱ्याला बॅगा घेऊन पुढे जाऊ द्या.

आता स्वित्झर्लंड. इथे जीव अगदी शांत ठेवा, कारण मुलांना घेऊन रेल्वेने फिरायला याहून सोपा देश मला ठाऊक नाही. माझी मुलगी तिथे राहते, त्यामुळे हे मी कागदावर वाचून सांगत नाही. सहा वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर फुकट, म्हणजे मुलाचा वाढदिवस झाला काय, न झाला काय, इथे काही फरक नाही. मुलगी सात वर्षांची. तिच्यासाठी स्विस फॅमिली कार्ड आहे. आई-वडिलांपैकी एकाकडे स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस देशभर रेल्वेने फिरायचा पर्यटकांचा पास) असेल तर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना हे कार्ड विनामूल्य मिळतं आणि मुलं त्या पालकाबरोबर फुकट फिरतात. मात्र ते मागावं लागतं. पास विकत घेतानाच मुलीचं नाव आणि जन्मतारीख भरा. आणि ‘पालक’ हा शब्द ध्यानात ठेवा. एखाद्या दिवशी तुम्ही दोघं वर डोंगरावर आणि मुलगी आजी-आजोबांबरोबर खाली शहरात, असं ठरवलंत तर त्या दिवशी ते कार्ड आजोबांच्या पासाला जोडलेलं नाही.

बहुतेक स्विस गाड्यांत जागेचं आरक्षण लागतच नाही. मोकळी खुर्ची दिसली की बसा, मुलगाही बसू दे. ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेस या खास पर्यटक गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. पण त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्याही जातात आणि त्यांच्या खिडक्या उघडतातही, फोटो काढायला त्याच बऱ्या. काही दुमजली इंटरसिटी गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांसाठी घसरगुंडी असलेला खेळाचा डबा असतो. तो सापडला तर मुलं उतरायला तयार होत नाहीत, एवढी तयारी ठेवा.

पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. तुम्ही १८ ला बाझलला उतरता आणि २४ ला निघता. सहा दिवसांचा पास १८ ते २३ पर्यंत पुरतो. २४ ला पासची गरजच नाही, कारण मिलानला जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय गाडीचं लुत्सर्न ते मिलान असं सरळ तिकीट वेगळं काढायचं आहे. तिथे आरक्षण सक्तीचं आहे. पास फक्त सीमेपर्यंत चालतो, पुढचा तुकडा वेगळा घेत बसू नका. त्या गाडीने तुम्ही ५७ किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड बोगद्यातून जाल. २०१६ साली सुरू झालेला हा जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा आहे. मुलीला आधी सांगून ठेवा, म्हणजे अंधार झाल्यावर घाबरण्याऐवजी ती मिनिटं मोजेल.

सासू-सासऱ्यांसाठी मात्र मी सलग पास घेणार नाही. सहाच्या सहा दिवस ते बाहेर पडणार नाहीत, आणि पडावं असा आग्रहही कुणी धरू नये. त्यांच्यासाठी याच पासचा फ्लेक्स प्रकार पाहा. महिनाभरात आपल्याला हवे ते तीन किंवा चार दिवस निवडता येतात, फक्त प्रत्येक दिवस गाडीत चढण्याआधी चालू करावा लागतो. पैसे इथे वाचतात.

लुत्सर्नमध्ये राहताय हे उत्तम. पासात तलावावरच्या बोटी येतात आणि रिगी हा डोंगरही पूर्ण येतो. बोटीने फित्स्नाउला जायचं, तिथून दातेरी रुळांची गाडी थेट वर. ही युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे, १८७१ सालची. सासऱ्यांना एक पायरीही फारशी चढावी लागणार नाही आणि बर्फाची शिखरं समोर दिसतील. टिटलिसला जायचं असेल तर एंगेलबर्गपर्यंत पास, पुढे वर जायला निम्मे पैसे. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर उंचीवर आहे, तिथे पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पूर्ण चालतो, पुढे फक्त २५ टक्के सूट. एवढ्या लहान मुलाला आणि वयस्कर माणसांना घेऊन मी रिगीच निवडीन. उंचीवर मुलं किरकिरी होतात आणि का ते त्यांना सांगता येत नाही.

तिसरा देश इटली. २४ ला मुलगा चार वर्षं आणि तीन दिवसांचा असेल. इटालियन रेल्वे चार वर्षांखालच्यांना जागा न घेता फुकट नेते. तुमचा मुलगा त्या रेषेपलीकडे गेलेला असेल, म्हणजे तिकीट हवं. तीनच दिवसांचा तर फरक, असं मनात येईल. आणू नका. तुमच्या हातात पासपोर्ट आहे आणि त्यावर जन्मतारीख छापलेली आहे. शिवाय आईबाप वय लपवतात ते मूल ऐकत असतं.

आणि खरं तर लपवायची गरजही नाही. ट्रेनइतालियाची एक सवलत आहे, इटालियनमध्ये तिला ‘बिंबी ग्रातिस’ म्हणतात. पंधरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, आणि इथे चक्क जागेसकट फुकट. अट अशी की गट दोन ते पाच जणांचा हवा. तुम्ही सहा आहात! एकत्र सहा तिकिटं काढायला गेलात तर ही सवलत दिसणारच नाही. म्हणून तुम्हा चौघांची तिकिटं एका वेळी काढा आणि सासू-सासऱ्यांची त्याच गाडीत दुसऱ्या वेळी. दुसरी गोष्ट, या सवलतीत मोठ्यांना मूळ दराचं तिकीट घ्यावं लागतं, स्वस्त इकॉनॉमी दर लागू होत नाही. म्हणून दोन्ही बेरजा कागदावर मांडा : मूळ दराची दोन तिकिटं आणि मुलं फुकट, की सगळ्यांची स्वस्त तिकिटं. फार आधी काढलीत तर कधीकधी दुसरी बेरीज कमी निघते.

मिलान–फ्लॉरेन्स आणि फ्लॉरेन्स–रोम हे दोन्ही टप्पे दोन तासांच्या आतबाहेरचे आहेत. फ्रेच्चारोसा या वेगवान गाडीच्या तिकिटावर गाडी, डबा, खुर्ची सगळं छापलेलं असतं. फ्लॉरेन्सहून पिसाचा मनोरा बघायला जाल तेव्हा मात्र साधी प्रादेशिक गाडी असेल. तिचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा असतो, मोबाइलवरचं असेल तर त्यात चेक-इन करायचं. शिक्का नसलेलं तिकीट टीसीच्या लेखी नसल्यातच जमा, दंड होतो.

आता जाऊबाईंच्या युरेलबद्दल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या पासबरोबर विनामूल्य पास मिळतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपर्यंत. साठीच्या पुढच्यांना १० टक्के सूटही आहे. पण टीजीव्ही आणि फ्रेच्चारोसाला पासवरही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, आणि मुलाचा पास फुकट असला तरी त्याच्या आरक्षणाचे पडतातच. शिवाय तुमचे लांबचे टप्पे आहेत अवघे चार. उरलेला प्रवास स्वित्झर्लंडमधला, आणि तिथल्या बऱ्याच डोंगरी रेल्वेंवर युरेल नुसती सूट देतं. सहा-सात देश फिरणाऱ्या तरुण मुलांना तो पास शोभतो. तुमच्यासाठी नवऱ्याचं गणित बरोबर आहे.

कधी काढायची? टीजीव्ही आणि इटलीची तिकिटं विमानासारखी असतात, जागा भरत जातात तसा दर चढतो. ती विक्रीला खुली झाली की लवकर घ्या, पण व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणाऱ्या दरात घेऊ नका. थोडं महाग असलं तरी बदलता किंवा रद्द करता येणारं घ्या. स्विस पासचा दर मात्र उशिरा घेतला म्हणून वाढत नाही, तो शेवटी घ्या. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याची सवय झाल्यामुळे तिथली तिकिटं पाहायला उशीर होतो. आणि तिथे आरएसी नाही, आपल्यासारखी प्रतीक्षायादीही नाही. टीजीव्हीची जागा संपली की पुढची गाडी शोधायची.

तिकिटं त्या-त्या रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर काढा. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डांवर ते बंदच असतात, आणि नेमकी स्वस्त जागा समोर असताना व्यवहार नाकारला जातो. नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा. मुलीचं घरातलं नाव नको.

प्रश्न : लेक आणि जावई लंडनला असतात. सुट्टीत मी, ते दोघं आणि सहा व चार वर्षांचे दोन नातू एडिंबरोला रेल्वेने जाणार आहोत. जावई म्हणतात, तिकिटांचा खर्च फार येतोय. काही मार्ग आहे का? — एक आजी, ठाणे

उत्तर : आहे. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड. वर्षाचे ३५ पौंड. मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट, पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना ६० टक्के. एका कार्डावर चार मोठी आणि चार मुलं जाऊ शकतात, म्हणजे तुमच्यासाठी वेगळं कार्ड नको. अट एवढीच की बरोबर पाच ते पंधरा वर्षांचं एक तरी मूल हवं आणि सगळ्यांनी एकत्र प्रवास करायचा. तुमचा मोठा नातू सहाचा आहे, अट पूर्ण झाली. धाकट्याला घेऊन तुम्ही एकट्याच कुठे निघालात तर हे कार्ड चालणार नाही. आणि लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीच्या वेळी त्याला बंधनं आहेत, म्हणून जरा उशिराची गाडी पाहा.

धाकटा चारचा, तो फुकट. पण वर नाशिकच्या ताईंना सांगितलं तेच तुम्हालाही, फुकट आहे म्हणून त्याला जागेचा हक्क नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून एडिंबरो साडेचार तासांच्या आसपास आहे. गाडी भरलेली असेल तर तो सगळा वेळ तुमच्याच मांडीवर येणार, कारण नातवंडं आजीकडेच येतात. त्याच्यासाठी मुलाचं तिकीट काढून जागा घ्यायला जावयांना सांगा. कार्डाच्या सवलतीत ते फार महाग पडत नाही. त्या मार्गावरची आगाऊ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी निघतात आणि ती ठरलेल्या गाडीलाच चालतात. जाताना उजव्या हाताच्या खिडक्या घ्या, बेरिकच्या आसपास समुद्र अगदी रुळांजवळ येतो.

प्रश्न : आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा जपानला जात आहोत. टोकियोहून क्योतो आणि परत टोकियो, एवढाच लांबचा प्रवास. सगळे म्हणतात जपान रेल पास घ्याच. — एक वाचक, बंगळुरू

उत्तर : घेऊ नका. तो सल्ला जुना आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाचा दर २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, आरक्षित तिकीट एका बाजूला सुमारे १४ हजार येन. म्हणजे जाऊन-येऊन २८ हजारांच्या आसपास. सुटी तिकिटंच काढा.

मुलगी सहा ते अकरा या गटात, अर्धं भाडं. मुलगा सहाच्या आत, त्यामुळे मोठ्यांबरोबर फुकट, पण आरक्षित जागा हवी तर त्यालाही मुलीइतकंच अर्धं भाडं पडतं. अनारक्षित डब्यात रिकामी खुर्ची असेल तर तो बसू शकतो, पण दोन मुलं घेऊन रांगेत उभं राहून तो जुगार खेळायचा का, हे तुम्ही ठरवा. मी त्याचं अर्धं तिकीट काढीन. शिंकान्सेनमध्ये एका ओळीत पाच खुर्च्या असतात, एकीकडे तीन आणि एकीकडे दोन. दोनच्या बाजूच्या डी आणि ई या जागा सलग दोन ओळींत घ्या. टोकियोहून जाताना फुजी पर्वत ई खिडकीकडून दिसतो. पुढच्या ओळीची जोडी फिरवता येते. ती उलटी केलीत की चौघं समोरासमोर.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरत असेल तर डब्यातल्या शेवटच्या ओळीमागच्या सामानाच्या जागेसह आरक्षण करावं लागतं. त्याचे जादा पैसे नाहीत, पण न करता बॅग नेलीत तर १,००० येन भरावे लागतात. म्हणून आधी घरी टेप लावून बॅग मोजा. मोठी निघाली तर शेवटची ओळ आणि तिच्या पुढची, अशा दोन ओळी मागा.